रस्त्यावरचा धूर कोणासाठी मोजायचा?



वसंतातल्या ह्या व्याख्यानांत संत, शाहीर, लढाया आणि राज्यघटना ह्यांच्याविषयी विद्वान मंडळी बोलतात. त्यांच्या पंक्तीला बसून मी धुराविषयी बोलणार, हे वाचून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. रिक्षावाले, टेम्पोचालक, गॅरेजातले मिस्त्री ह्यांच्या संघटनेत माझा जन्म गेला, आणि हा वर्ग रोज धूर सोडतो, धूर गिळतो आणि धुरासाठी दंडही भरतो. तेव्हा धुराचा इतिहास आमच्या हिताचा आहे.

प्रश्न साधा आहे. रस्त्याच्या कडेला यंत्र लावून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा धूर मोजतात, तो कशासाठी? विचारल्यास दहांतले नऊ जण सांगतील की घाणेरडी गाडी चालवणाऱ्याला पकडण्यासाठी. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर ह्या मापाने चालकापेक्षा फार मोठा मासा पकडून दिलेला आहे, आणि तो मासा जाळ्यात येऊनही चार वर्षे कोणी जाळे वर ओढले नाही.

रस्त्यावर उभे राहून धूर मोजण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रिंगेलमान नावाच्या प्राध्यापकाने एक तक्ता काढला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या. एकीत रेघा बारीक, दुसरीत जाड, शेवटी सगळा कागद काळा. तो तक्ता दूर धरायचा, गिरणीच्या धुराड्याकडे पाहायचे आणि धूर कोणत्या जाळीइतका काळा आहे हे ठरवायचे. कलकत्त्यासाठी १९०५ साली आणि आपल्या मुंबईसाठी १९१२ साली धुराच्या उपद्रवाचे कायदे झाले, त्यांच्यामागे हीच रंगाची समजूत होती. भट्टीवाल्याने एकदम फावडेभर कोळसा लोटला की धूर काळा होतो, थोडा थोडा घातला की कमी होतो, हे बॉयलरवर काम केलेला कोणीही सांगेल. त्यामुळे काळ्या धुराचा ठपका भट्टीवाल्याच्या हातावर ठेवणे सोपे होते. परंतु बॉयलर किती, धुराडे किती उंच, कोळसा कोणत्या प्रतीचा, आणि एका माणसाने किती भट्ट्या सांभाळायच्या, हे भट्टीवाला ठरवीत नव्हता. पुढे जे सांगणार आहे त्याचे बीज येथे आहे.

आता मुंबई सोडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस शहरात जाऊ. मोटारीच्या धुराचे शास्त्र तिथे जन्मले, त्याला कारण तिथली भूमी. तीन बाजूंना डोंगर, चौथीला समुद्र, वर कडक ऊन आणि खाली अगणित मोटारी. १९४३ च्या जुलैत एके दिवशी तिथे असा दाट धुरकट थर उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे जळू लागले. महायुद्ध चालू होते. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी आवई उठली. मग बोट एका कारखान्याकडे गेले. शहराच्या मध्यभागी कृत्रिम रबरासाठी लागणारा ब्युटाडाइन तिथे बनत असे. लोकांनी ओरडा करून तो काही काळ बंद पाडला. धुरके मात्र हटले नाही.

खरे कारण शोधले हागेन-श्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होता, म्हणजे नाकाने पारखायच्या गोष्टी यंत्राने पकडण्याची त्याला सवय होती. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने दाखवून दिले की मोटारींच्या नळीतून निघणारी न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांवर ऊन पडले की हवेतच नवा विषारी पदार्थ, ओझोन, तयार होतो. रबराच्या पट्ट्या त्या हवेत ठेवून त्यांना किती भेगा पडतात ह्यावरून तो ओझोनचा अंदाज घेई. तेलकंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाने त्याला बराच काळ विरोध केला. अखेर सत्य टिकले, आणि १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले.

ह्या शोधाचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. जे सर्वांत अपायकारक, ते डोळ्यांना दिसेनासे झाले. रिंगेलमानचा तक्ता इथे निरुपयोगी. चकचकीत नवी मोटार स्वच्छ दिसत असूनही विष सोडू शकते आणि खडखडणारा जुना टेम्पो दिसतो तितका वाईट नसतोही. म्हणजे यंत्र हवे. आणि यंत्र आले की ते कोठे ठेवायचे, हा प्रश्न आला.

ते ठेवले प्रयोगशाळेत. नव्या गाडीची चाके फिरत्या रुळांवर चढवायची, गाडी जागच्या जागी धावते, ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग, ठरलेल्या सेकंदाला ब्रेक, आणि धूर पिशवीत गोळा करायचा. अमेरिकेतली १९७२ पासूनची चाचणी लॉस एंजेलिसमधल्याच नोकरदाराच्या सकाळच्या प्रवासावरून बेतलेली होती; सुमारे १२ किलोमीटरचा मार्ग. प्रत्येक कंपनीला समान परीक्षा मिळावी हा हेतू योग्यच होता. पण ज्या परीक्षेची प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तीच आणि सगळ्यांना पाठ, तिच्यात कोण नापास होणार?

कारखान्यात काम केलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. निरीक्षकसाहेब येणार म्हणून आदल्या दिवशी निरोप येतो. मग फरशी धुतली जाते, यंत्रांवर जाळ्या बसतात, प्रथमोपचाराची पेटी भरते. साहेब शेरा लिहून जातात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच यंत्राखाली कोणाचे तरी बोट जाते. शेरा खोटा नसतो. त्या दिवशीचा कारखाना खरोखरच तसा असतो.

मोटारींच्या बाबतीतही तेच घडले, आणि ते एकदा नव्हे. मुळात अमेरिकेच्या सरकारने १९६९ साली मोटारकंपन्यांवर खटला भरला होता, की धूर कमी करणारी साधने मुद्दाम उशिरा यावीत म्हणून त्या आपसांत संगनमत करीत आहेत. तो तडजोडीत मिटला. १९७३ साली फोर्ड कंपनीला सत्तर लाख डॉलर भरावे लागले, कारण चाचणीसाठी द्यायच्या गाड्यांची तिने परवानगीवाचून मध्येच दुरुस्ती केली होती. त्याच सुमारास फोक्सवॅगनला गाडीत असे बटन बसवल्याबद्दल दंड झाला, की जे तापमान ओळखून धूरनियंत्रण बंद करी. १९९५ साली जनरल मोटर्सची पाळी आली: चाचणीत वातानुकूलन बंद असे, म्हणून ते चालू होताच इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी व्यवस्था सुमारे पावणेपाच लाख कॅडिलॅक गाड्यांत होती. १९९८ साली ट्रकची डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्यांनी एकत्र समझोता केला. त्यांची इंजिने चाचणीत एक वागत आणि हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना दुसरे. ह्या ट्रकवर जे चालक रात्रंदिवस बसले, त्यांपैकी एकालाही हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेव्हा यंत्र रस्त्यावर आणणे भाग होते. ते आणले डेन्व्हर विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टेडमन ह्या प्राध्यापकाने, १९८७ च्या सुमारास, गॅरी बिशप ह्या सहकाऱ्याबरोबर. युक्ती अशी. रस्त्याच्या एका कडेला अवरक्त किरणांचा दिवा, दुसऱ्या कडेला ते किरण टिपणारे यंत्र. गाडी मधून जाते, तिच्यामागे धुराची शेपटी राहते आणि ती शेपटी काही किरण गिळते. कोणता वायू कोणते किरण गिळतो हे ठरलेले असते. अर्ध्या-पाऊण सेकंदात मोजणी होते, गाडीचा वेग व वेगवाढ टिपली जाते आणि कॅमेरा नंबरपट्टीचे छायाचित्र घेतो. गाडी थांबवावी लागत नाही, चालकाला पत्ताही लागत नाही.

पण वाऱ्यावर पसरलेल्या धुराचे माप कसे घ्यायचे? तो किती पातळ झाला हे कोण सांगणार? ह्यावरचा तोडगा मला फार आवडतो. आमटीत पाणी वाढवले तरी मीठ आणि तिखट ह्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बदलत नाही. तसेच स्टेडमनने धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचे माप कार्बन डायऑक्साइडशी ताडून घेतले. पेट्रोल जळले की त्यातला कार्बन जवळजवळ सगळा ह्या दोन रूपांतच बाहेर पडतो. म्हणून एका लिटरमागे किती विष निघाले ह्याचा हिशेब धूर पातळ झाला तरी बसतो. पुढे अतिनील किरणांची भर पडली आणि नायट्रोजनची ऑक्साइडेही मोजता येऊ लागली.

ह्या यंत्राचे दोष सांगितले पाहिजेत. ते क्षणाचे माप आहे. इंजिन थंड असेल, गाडी उतारावर असेल, चालकाने नेमका त्याच क्षणी पाय दाबला असेल, तर एका मापावरून निवाडा करणे अन्याय होईल. म्हणून वेग आणि चढ पाहावा लागतो, आणि एकाच गाडीवर कारवाई करायची तर एकाहून जास्त मापे हवीत. हजारो गाड्यांची सरासरी काढायची असेल तेव्हा मात्र हा दोष बराचसा धुऊन निघतो.

स्टेडमनच्या मोजणीतून पहिली गोष्ट बाहेर आली ती अशी, की एकूण कार्बन मोनॉक्साइडपैकी जवळजवळ निम्मा वाटा सुमारे दहा टक्के गाड्यांचा होता. ह्यावरून लगेच निष्कर्ष निघाला की हे दहा टक्के पकडा, बाकीच्यांना दरसालच्या तपासणीचा त्रास कशाला? स्टेडमनचे स्वतःचे मत असेच होते. संघटनेच्या माणसाला हे ऐकून धडकी भरते, कारण ते दहा टक्के बहुधा कोणाकडे असतात? ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याच्याकडे. परंतु त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट होती आणि ती आमच्या बाजूची आहे. एकाच सालच्या गाड्यांमध्ये प्रचंड तफावत असते. नीट राखलेली जुनी गाडी बिघडलेल्या नव्या गाडीपेक्षा स्वच्छ निघते. म्हणजे गाडीचे वय आणि गाडीचा धूर ह्या निराळ्या गोष्टी आहेत. दिल्लीत २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या बंद करण्याचा हुकूम दिला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे त्यात फेरफार झाले, ते असोत. त्या हुकमाने नळीकडे न पाहता कॅलेंडरकडे पाहिले. रस्त्यावरचे माप असते तर निदान माणसामाणसात, गाडीगाडीत भेद करता आला असता.

येथवर कथा चालकाची आणि मालकाची. आता ती कारखानदाराकडे वळते.

युरोपात डिझेल मोटारींसाठी दर काही वर्षांनी नियम कडक होत होते. कागदोपत्री नायट्रोजनची ऑक्साइडे घटत होती. पण लंडनसारख्या शहरांत रस्त्याच्या कडेची हवा काही सुधारेना. डेव्हिड कार्स्लॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या रस्त्यांवर स्टेडमनच्याच पद्धतीने हजारो गाड्या मोजल्या आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: नवे नियम आले तरी डिझेल मोटारींचे हे वायू प्रत्यक्ष रस्त्यावर फारसे घटलेलेच नाहीत. इथे एखादा बेपर्वा चालक दोषी नव्हता. नव्या, राखलेल्या, तपासणीत पास झालेल्या गाड्यांचा अख्खा वर्ग दोषी होता. हजार गाड्या एकाच तऱ्हेने चुकत असतील तर चूक हजार चालकांची नसते, ज्या साच्यातून त्या निघाल्या त्या साच्याची असते. ही गोष्ट २०११ साली छापून आली होती, कोणालाही वाचता येत होती. सरकारांनी वाचूनही गाड्या परत मागवल्या नाहीत.

गौप्यस्फोट झाला तो चार वर्षांनी आणि दुसऱ्या दाराने. स्वच्छ वाहतुकीसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला तीन डिझेल मोटारी तपासायचे काम दिले. अमेरिकेत नियम कडक, तेव्हा तिथल्या गाड्या रस्त्यावरही स्वच्छ असणार आणि ते युरोपला दाखवता येईल, अशी संस्थेची अपेक्षा होती. तिथल्या छोट्या पथकात आपल्या देशातून शिकायला गेलेले दोन तरुणही होते. त्यांनी मोजयंत्र गाडीच्या पाठीवरच लादले आणि लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत गाडी हाकली. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाट ५ ते २० पट ऑक्साइडे सोडत होती. तिसरी गाडी, बी.एम.डब्ल्यू., बव्हंशी ठीक निघाली, म्हणजे चांगली गाडी बनवणे अशक्य नव्हते. त्यांचा अहवाल २०१४ च्या मे महिन्यात आला. हवा-नियंत्रण मंडळाने पिच्छा पुरवला आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन सरकारने कंपनीला नोटीस बजावली. गाडीतला संगणक वेग, वेळ आणि स्टिअरिंगची हालचाल पाहून ओळखत होता की आपण चाचणीच्या रुळांवर आहोत की रस्त्यावर. जगभर अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. निरीक्षकाची चाहूल लागताच फरशी धुणारा कारखाना त्यांनी गाडीच्या पोटातच बसवला होता.

ह्या प्रकरणाचा एक धागा आपल्या पुण्यात येतो. कोथरूडच्या टेकडीवर वाहन-संशोधनाची जी संस्था आहे, 'एआरएआय', तिनेच भारतातल्या ह्या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि त्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट ऑक्साइडे सोडताना आढळल्या. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. प्रकरणाचा खरा लाभ निराळाच झाला. नव्या गाडीची रस्त्यावर चालवून चाचणी घेण्याचा नियम युरोपात २०१७ पासून आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून आला.

आता आपल्या नाक्यावरच्या पीयूसीकडे पाहा. १९८९ च्या नियमांपासून ती आहे. गाडी उभी, इंजिन जागच्या जागी चालू, नळीत सळई. पेट्रोलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली वाफ, डिझेलच्या गाडीत धुराचा काळेपणा, म्हणजे पुन्हा थोडाफार रिंगेलमानच. ज्या नायट्रोजन ऑक्साइडांवरून जगभर एवढे रणकंदन झाले, त्यांचे माप ह्या तपासणीत नाही. पैसे ज्याच्याकडून घ्यायचे त्यालाच पास-नापास करायचे, अशी केंद्राची रचना. पण ती पावती नसली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एका रिक्षावाल्याची ती कित्येक दिवसांची कमाई. त्याच दुरुस्तीत कारखानदाराला १०० कोटींपर्यंत दंडाची आणि सदोष गाड्या परत मागवण्याची तरतूद आहे, हे मात्र नाक्यावर कोणाला सांगितले जात नाही. मी आमच्या सभांतून दोन्ही कलमे एकापाठोपाठ वाचून दाखवतो. पहिले कलम सगळ्यांना पाठ असते, दुसऱ्याला लोक चकित होतात.

दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अलीकडे रस्त्याच्या कडेने एक लाखाहून अधिक गाड्यांची मोजणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली आले. बीएस-सहा गाड्या बीएस-चारपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण टॅक्सी आणि लहान मालवाहू गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडे खाजगी मोटारींच्या कित्येक पट भरली, आणि ह्यांत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. सीएनजी म्हणजे स्वच्छ, असे १९९८ च्या न्यायालयीन आदेशापासून आपण ऐकत आलो. चालकाने सांगितले ते इंधन घेतले, कर्ज काढून सांगितली ती गाडी घेतली. आता ह्या मोजणीची यादी नंबरपट्टीप्रमाणे लावली तर हजारो चालकांना हजारो चलने जातील. तीच यादी कंपनी, नमुना आणि साल ह्यांप्रमाणे लावली तर मोजकी पत्रे कारखान्यांना जातील. यंत्राला त्याचे काही नाही, ते दोन्ही कामे करते.

खऱ्याखुऱ्या बिघडलेल्या गाडीचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी हाँगकाँगचे उदाहरण घ्या. तिथे टॅक्सी एलपीजीवर चालतात आणि दिवसरात्र पळतात, त्यामुळे धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर लवकर झिजतो. १ सप्टेंबर २०१४ पासून तिथे रस्त्यावरच्या मापावरून कारवाई सुरू झाली. एका मापावर विसंबू नये म्हणून यंत्रे जोडीने लावली. नापास गाडीच्या मालकाला पत्र जाते. बारा कामाच्या दिवसांत त्याने गाडी दुरुस्त करून रुळांवरच्या चाचणीत पास करून आणायची, नाही तर परवाना जातो. एवढे वाचून थांबलो तर हे आपल्या पोलिसी खाक्यासारखेच वाटेल. पण कारवाईच्या आधी सरकारने टॅक्सी आणि छोट्या बसगाड्यांचे झिजलेले कन्व्हर्टर सरकारी खर्चाने बदलून दिले होते, आणि मगच यंत्रे रस्त्यावर मांडली. हा पहिला बदल फुकट होता. त्यानंतरचा खर्च गाडीमालकावर आहे.